गोड बोलणारा माज

दर रविवारी रात्री साडेआठला माझा भाचा जेवणाच्या ताटावरून अर्धवट उठतो. जपानमध्ये तेव्हा रात्रीचे बारा वाजून सोमवार लागलेला असतो आणि शुएशा या प्रकाशनसंस्थेच्या मांगा प्लस या कॉमिक ॲपवर त्याच्या लाडक्या चित्रमालिकेचं नवं प्रकरण येतं. सतरा-अठरा पानं असतात, पाच मिनिटांत वाचून होतात. गेले काही महिने त्या कथेत एक खलनायक माजलाय. समोरच्याला पायाखाली तुडवतो आणि वर हसतो. परवा भाच्याने फोन गादीवर आपटला. "याला कोणी काही करतच नाही!" ताई स्वयंपाकघरातून म्हणाली, "अरे, चित्रातल्या माणसावर कसला चिडतोस? पुस्तक उघड जरा."

ताई म्हणाली ते घरोघरी ऐकू येतं. कॉमिक वाचून चिडणं हा पोरकटपणा, रिकामपणाचा उद्योग, असं मोठ्यांना मनापासून वाटतं. मला ते अजिबात पटत नाही. गर्विष्ठ खलनायकाचा येणारा राग ही वाचकाची फार मोलाची कमाई आहे आणि ती आपण दोन्हीकडून वाया घालवतोय. मोठी माणसं त्या रागाला हसतात, आणि तरुण वाचक तो लवकरात लवकर शमवून मागतात, नाहीतर त्याच खलनायकाला डोक्यावर घेऊन नाचतात.

मला हा राग ओळखायला शिकवला फ्रीझाने. अकिरा तोरियामांची 'ड्रॅगन बॉल' ही मालिका 1984 ते 1995 अशी अकरा वर्षं 'शोनेन जम्प' या साप्ताहिकात चालली, 519 प्रकरणं, पुढे 42 खंड. आमच्या पिढीला ती आधी कार्टून नेटवर्कवर भेटली. मी नंतर फोर्टच्या फूटपाथवरून तिचे सुटे खंड जमवून वाचले, तेही मागचेपुढचे, हाती लागतील तसे.

फ्रीझा 1989 मध्ये पानावर आला. बुटका, डोक्याला शिंगं, हवेत तरंगणाऱ्या वाटोळ्या खुर्चीत बसलेला. विश्वातला सगळ्यात ताकदवान जीव, पण खुर्चीतून उतरायचीसुद्धा तसदी घेत नाही. दोन्ही बाजूंना दोन हुजरे, एक झार्बन, एक डोडोरिया. नामेक नावाच्या ग्रहावर तो इच्छापूर्ती करणारे सात गोळे शोधत फिरतोय. एका गावात ही मंडळी उतरतात. गावात म्हातारे आहेत आणि दोन लहान मुलं. फ्रीझा गावच्या वडीलधाऱ्याशी बोलतो ते अतिशय अदबीने. आवाज चढत नाही, शिवी नाही. हव्या त्या वस्तूची चौकशी करतो, नकार आला की खेद झाल्यासारखं तोंड करतो, आणि मग मारायचं काम हुजऱ्यांवर सोपवून बघत बसतो. त्या दोन मुलांतलं एकच वाचतं.

जपानी भाषेत आदराच्या पायऱ्या आपल्यापेक्षा जास्त आहेत. तू, तुम्ही, आपण यांच्या पलीकडे क्रियापदाचं शेपूटसुद्धा मान देत जातं. फ्रीझा सुरुवातीला वरच्या पायरीवरून बोलतो. इंग्रजी भाषांतरात हे निम्मंअधिक विरून जातं, मराठीत मात्र छान उतरेल. नेल नावाचा नामेकचा योद्धा त्याच्यासमोर एकटा उभा राहतो तो प्रसंग घ्या. नेलची शक्ती 42,000. फ्रीझा त्याला सांगतो, माझी 5,30,000 आहे. आणि लगेच धीर देतो: पण पूर्ण ताकदीने आपल्याशी लढायचा माझा अजिबात विचार नाही, तेव्हा काळजी नसावी. जपानी वाचकांना हे वाक्य आज पस्तीस वर्षांनंतरही पाठ आहे. समोरच्याला मारण्याआधी त्याला शून्य करून टाकणारं ते वाक्य आहे, आणि त्यात एकही उर्मट शब्द नाही.

इथे रागाचं मूळ सापडतं. फ्रीझाने मारलेल्यांची गणती करायला बसलं तर ग्रहच्या ग्रह मोजावे लागतील, पण तेवढ्याने रक्त उसळत नाही. खूनबाजीची आपल्याला कथेत सवय असते. रक्त उसळतं ते त्या 'आपण'ने. कारण ती अदब समोरच्यासाठी नाहीच. ती त्याच्या स्वतःच्या उंचीची जाहिरात आहे. आरडाओरडा करणाऱ्या माणसाला निदान आपली दखल घ्यावी लागते. गोड बोलणाऱ्या माजोरड्याला तेवढीही गरज वाटत नाही.

तोरियामांना हा माणूस सापडला कुठे, हे त्यांनीच पुढे एका मुलाखतीत सांगितलंय. फ्रीझा घडवताना त्यांच्या डोळ्यांसमोर जमिनी बळकावणारे दलाल होते. त्या काळी याहून वाईट माणसं नाहीत असं त्यांना वाटायचं. तो काळ म्हणजे जपानच्या फुगलेल्या अर्थव्यवस्थेचा. टोकियोचा शेअर निर्देशांक निक्केई 29 डिसेंबर 1989 ला 38,915 वर जाऊन टेकला आणि तिथून कोसळला. मधल्या वर्षांत जमिनीचे भाव इतके चढले होते की एका जुन्या घराची किंमत घरात राहणाऱ्यांपेक्षा खालच्या मातीत जास्त होती. मग 'जिआगेया' लोकांचं पीक आलं. छोटे दुकानदार, भाडेकरू, एकटी राहणारी म्हातारी माणसं यांच्याकडून जागा मोकळी करून घ्यायची आणि तुकडे जोडून मोठ्या कंपनीला विकायची, हा त्यांचा धंदा. आधी पैसे, मग विनवणी, मग रात्रीबेरात्री गोंगाट, दारात घाण, भिंतीवर येऊन धडकणारा ट्रक, कधी आग.

आता कथेतला फ्रीझाचा धंदा आठवा. तो ग्रह शोधतो, राहणाऱ्यांना संपवतो आणि रिकामा ग्रह चढ्या भावाने विकतो. फ्रीझा स्वतः येण्याआधीच्या प्रकरणांत हे सांगून झालेलं आहे. जपानी शाळकरी पोरं परग्रहावरची गोष्ट म्हणून वाचत होती, आणि त्यांच्याच गल्लीतल्या कोपऱ्यावरच्या म्हातारीचं दुकान हलवायला येणारा माणूस शिंगं लावून त्यांच्यापुढे उभा होता.

मी हे सगळं फार उशिरा वाचलं. पण फ्रीझाला मी आधीच भेटले होते.

आम्ही गिरणगावातल्या एका चाळीत राहायचो. दोन खोल्या, बाहेर व्हरांडा, मजल्याच्या टोकाला सामायिक नळ. पुनर्विकासाची बोलणी सुरू झाली तेव्हा मी कॉलेजला होते. त्या वेळी अशा जुन्या इमारतींसाठी 70 टक्के भाडेकरूंची संमती लागायची, म्हणून एकेक सही सोन्याची होती. बिल्डरकडून एक माणूस यायचा. पांढरा शर्ट, बारीक चौकडीचा. दारात चपला काढायचा, त्याही सरळ रेषेत लावून. माझ्या आजीपुढे वाकायचा. "आजी, आपली तब्येत काय म्हणते? आपल्याला हा जिना आता झेपत नसेल ना?" आजी सांगायला लागली की गुडघ्याला सूज आहे, अमुक डॉक्टर म्हणतात तमुक, की हा फोनवर काहीतरी वाचत "हो, हो" करायचा. चहा दिला की कपाला नुसते ओठ लावून खाली ठेवायचा. कप भरलेला तसाच. आजीला त्याचं फार लागायचं. ती म्हणायची, "पाहुण्याने नको म्हणावं, चालेल. पण असं उष्टावून टाकू नये."

आजीने सही केली नाही. आठवड्याभरात जिन्यातला दिवा गेला. नवा लावला, तोही गेला. मग होल्डरच उपटून नेला कोणीतरी. तो माणूस पुन्हा आला तेव्हा वर येता येता त्याने मोबाइलचा उजेड पाडला होता. दारात चपला सरळ लावून म्हणाला, "आजी, जपून हो. आपण पडलात बिडलात तर आम्हालाच वाईट वाटेल."

पुढे दोनेक वर्षांनी नामेकवरच्या त्या गावाचं प्रकरण वाचताना माझे हात गार पडले होते. हे मी पाहिलंय, एवढंच मनात होतं. तोवर आमच्या घरात त्या माणसाबद्दल बोलायला शब्द नव्हता. तो शिवी देत नव्हता, धमकी देत नव्हता, मग चिडायचं कशावर? बाबा तर म्हणायचे, "माणूस सभ्य आहे हो." कॉमिकने मला शब्द दिला. मला राग येत होता तो बरोबर होता, हे मला एका जपानी चित्रकाराने सांगितलं, आणि तेही वाटोळ्या खुर्चीतल्या बुटक्या राक्षसाकरवी.

आपल्याकडे ही ओळख नवी नाही. 'सामना'तला हिंदुराव धोंडे पाटील आठवा, विजय तेंडुलकरांनी लिहिलेला आणि निळू फुल्यांनी उभा केलेला. तो साखरसम्राट ज्यांनी गावात रोज पाहिला होता त्यांना पडद्यावर तो वेगळा समजावून सांगावा लागला नाही. निळूभाऊंना गावोगावच्या बायका खरोखरीचे शिव्याशाप द्यायच्या, आणि ते ती आपल्या कामाची पावती मानायचे. त्या बायकांना आज कोणी अडाणी म्हणेल, नट आणि भूमिका यातला फरक कळत नाही म्हणेल. मला वाटतं त्यांना एक गोष्ट नीट कळत होती. घरच्या, वाड्यावरच्या, कारखान्यावरच्या ज्या माणसाला तोंडावर बोलता येत नव्हतं, त्याला बोलायची सोय त्यांना मिळाली होती.

साप्ताहिक मालिकेत याला आणखी एक जोड मिळते, ती थांबण्याची. चित्रपट अडीच तासांत सोडवून टाकतो. मालिकेत खलनायक आज मातला तर त्याचं काय होतं हे कळायला आठवडे जातात, महिने जातात. नामेकवरची कथा दीड वर्षाहून जास्त चालली. वाचक शाळेत एक इयत्ता वर गेला, फ्रीझा तिथेच. आपली भाषाही अशीच थांबत थांबत मोजते. पापाचा घडा भरतो, शंभर अपराध भरतात. शिशुपालाच्या आईला कृष्णाने शब्द दिला होता, शंभर अपराध पोटात घालीन, आणि ऐकणारा श्रोता बोटांवर मोजत राहतो. या मोजण्यात राग पिकतो. पहिल्या आठवड्यातला राग 'याला मारा' एवढाच असतो. दहाव्या आठवड्यापर्यंत वाचक विचारायला लागतो, याच्याबरोबर हे एवढे सगळे गप्प का उभे आहेत? झार्बन, डोडोरिया, ते शेकडो सैनिक? तो प्रश्न फार पुढचा आहे. पाच मिनिटांच्या रीलमध्ये तो कधीच येत नाही.

म्हणून आजची घाई मला खुपते. प्रकरण येऊन तासही होत नाही तोवर लेखकाला शिव्या सुरू होतात. खलनायकाला अजून शिक्षा कशी नाही, तुला लिहिता येत नाही, बंद कर. खलनायकावरचा राग चित्रकाराच्या अंगावर फेकला जातो. तो माणूस आठवड्याला अठरा पानं काढताना पाठ मोडून घेतोय, आणि नेमकं आपल्याला चिडवायचं त्याचं काम तो चोख करतोय, हे कोणाच्या लक्षात येत नाही.

वाचकाच्या तोंडाकडे बघून मालिका हलतात, यात गुपित काही नाही. 'जम्प'मध्ये एक पोस्टकार्ड असायचं. त्यात आवडलेल्या तीन मालिका लिहून पाठवायच्या. मतं पडली नाहीत तर मालिका दहा-बारा आठवड्यांत गुंडाळली जायची. तोरियामांच्या बाबतीत तर फ्रीझानंतरचे नवे खलनायक आल्यावर त्यांचे जुने संपादक काझुहिको तोरिशिमा यांनी फोन करून विचारलं होतं की हे काय, एक म्हातारा आणि एक जाड्या? तोरियामांनी बदलून दुसरे आणले. त्यांच्यावरही आक्षेप आले, मग तिसरा. त्या भागात अजूनही ती धावपळ जाणवते. खलनायक बदलत राहतात आणि कोणाचा राग धरायचा हेच वाचकाला कळेनासं होतं. फ्रीझाला मात्र वेळ मिळाला होता, म्हणून तो हाडात मुरला.

दुसरी गोष्ट मला जास्त टोचते, ती खलनायकाला डोक्यावर घेण्याची. फ्रीझाची चित्रं लावून खाली 'नाद करायचा नाय' लिहिलेले स्टेटस मी पाहिलेत. जपानमध्येही फ्रीझा हा आदर्श वरिष्ठ आहे, अशी चर्चा बरीच वर्षं रंगते: हाताखालच्यांशी अदबीने बोलतो, गुणी माणसं हेरून कामाला लावतो, स्वतः मैदानात उतरतो. हे वाचून मला वाईट वाटतं. वेजिटा नावाचा, सायियान या लढवय्या जमातीचा राजपुत्र लहानपणापासून याच वरिष्ठाच्या नोकरीत होता. सायियान डोईजड होतील या भीतीने फ्रीझाने त्यांचा अख्खा ग्रह उडवून दिला आणि उरलेल्यांना तो माकडं म्हणत राहिला. वेजिटाही काही कमी मग्रूर नव्हता. पण मरताना तो जमिनीवर पडून रडतो, ज्या गोकूचा, म्हणजे कथेच्या सायियान नायकाचा, द्वेष केला त्यालाच विनवतो की याला थांबव. वाचकांनी वेजिटाला आपलं म्हटलं ते त्या रडण्यानंतर. त्याचा माज आवडला म्हणून नव्हे, तो माज तुटताना दिसला म्हणून. फ्रीझाचं आणि वेजिटाचं पोस्टर शेजारीशेजारी लावणाऱ्यांनी एवढा फरक तरी करावा.

आणि कृपा करून फ्रीझाला दुःखी बालपण मागू नका. हल्ली प्रत्येक दुष्टाला एक जखम हवी असते, आईने टाकलेलं, गावाने छळलेलं. तोरियामांनी फ्रीझाला तसलं काहीच दिलं नाही. त्याचा बाप राजा आहे. तो जन्मतःच बलाढ्य आहे, त्याला घाम कधी गाळावाच लागला नाही. तो असा का झाला? कोणी अडवलं नाही म्हणून. आमच्या चौकडीच्या शर्टवाल्याला मी पुष्कळदा समजून घ्यायचा प्रयत्न केला. त्यालाही घर असेल, हप्ते असतील. असतीलच. पण उपटलेला होल्डर त्याने भरून येत नाही.

1991 मध्ये फ्रीझा गोकूच्या जिवलग मित्राला, क्रिलिनला, मारतो आणि गोकूचे केस सोनेरी होतात. ते पान जगभरच्या वाचकांना ठाऊक आहे. माझ्या मते खरं पान त्याच्या बरंच पुढे आहे. तोवर फ्रीझाची अदब झडत गेलेली असते. लढताना तो रूपं बदलतो तसं त्याचं बोलणंही बदलतं, शेवटी नुसतं किंचाळणं उरतं. आणि गोकू लढणं थांबवतो. म्हणतो, माझं समाधान झालं. तुझ्या गर्वाच्या चिंध्या झाल्यात, तुझ्या पुढे जाणारा निघाला, आणि तोही एक सायियान, आता तू घाबरायला लागलायस. तो धक्का घेऊन गुपचूप जगत राहा.

हे वाचून कित्येकांना फसवल्यासारखं वाटतं. दीड वर्ष दात-ओठ खाल्ले ते कशासाठी, मारून टाक ना! मलाही पहिल्यांदा तसंच वाटलं. पुढे फ्रीझा स्वतःच्याच अस्त्राने कापला जातो, जिवाची भीक मागतो, गोकू त्याला थोडी शक्ती देऊन पाठ फिरवतो आणि तो पाठीमागून वार करतो. शेवटी गोकूला हात उगारावाच लागतो. पण माझ्या रागाला शांत केलं ते त्या स्फोटाने नाही. फ्रीझाच्या कपाळावरच्या घामाने केलं. ज्याच्या लेखी बाकी सगळे शून्य होते, त्याच्या हिशेबात अखेर दुसरं कोणीतरी आलं. माज या रोगाची शिक्षा मरण नव्हेच, तर समोरचाही आहे हे दिसणं.

रविवारी भाच्याला मी एवढंच सांगितलं, "चिडलायस ना, चीड. पण पुढच्या रविवारपर्यंत बघ, कशावर चिडलायस ते." तो माझ्याकडे जरा संशयाने बघत होता. मग मी त्याला पणजीची गोष्ट सांगितली, जी ताईलाही पूर्ण ठाऊक नव्हती. ती तेव्हा लग्न होऊन नाशिकला होती.

सह्या 70 टक्क्यांना पोचत नव्हत्या, म्हणून चाळीच्या चौकात सगळ्यांना बोलावलं होतं. चौकडीचा शर्ट उभा राहून समजावत होता. आपल्या सर्वांच्या भल्यासाठी, आपल्या मुलांसाठी. आजी पहिल्या रांगेत, प्लास्टिकच्या खुर्चीत. त्याचं बोलणं संपल्यावर ती उठली आणि त्याच्याइतक्याच अदबीने तिने विचारलं, "साहेब, जिन्यातला दिवा आपणच काढलात ना?" कोणीतरी मागे हसलं. मग दुसऱ्या मजल्यावरचे गणपतकाका म्हणाले, "हो, सांगा की." मग आणखी दोघं-तिघं. तो माणूस क्षणभर कागद चाळत राहिला आणि मग एकदम म्हणाला, "ए म्हातारे, बस खाली."

चौकात चिटपाखरूही बोललं नाही. तो निघाला तेव्हा त्याने चपला घाईने पायात सरकवल्या. एक उलटी पडली होती, ती वाकून सरळ करावी लागली.

रात्री आजीला जिन्यातून मी हात धरून वर नेत होते. अंधार तसाच होता, ती नेहमीसारखी पायऱ्या मोजत होती. अकराव्या पायरीवर दम खायला थांबली आणि म्हणाली, "कपाळ बघितलंस का त्याचं? घामाने थबथबलं होतं. मी जवळून बघितलं."